दुपारी बारानंतर

“काका, सकाळी मस्त वाजतं. दुपारी बारानंतर मरतं.”

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. शेजारच्या सोसायटीतली ती मुलगी दारात उभी होती. पाठीवर गिटार, घामाने केस कपाळाला चिकटलेले आणि हातात मी फेब्रुवारीत तिला बनवून दिलेलं फझ पेडल, गिटारचा आवाज खरबरीत करणारा, पायाने चालू-बंद करायचा छोटा डबा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तीन मित्रांबरोबर वाजवते. एका मित्राच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली आहे, तिथे त्यांचा सराव चालतो. मी पेडल घेतलं, माझ्या टेबलावरच्या छोट्या ॲम्प्लिफायरला जोडलं आणि तिला म्हटलं, वाजव. छान वाजलं. अगदी फेब्रुवारीत वाजलं होतं तसंच, भरदार, कडांना थोडं खरबरीत, स्वर सोडला तरी रेंगाळणारं. तिचा चेहरा उतरला. “शप्पथ काका, तिथे खरंच नाही वाजत. स्वर उमटतो आणि मध्येच तुटतो. घसा बसल्यासारखा.” माझी खोली तळमजल्यावर आहे, खाली शहाबादी फरशी, खिडकीबाहेर जांभळाचं झाड. तिथे भर उन्हाळ्यातही पायाला गार लागतं. ती खोटं बोलत नव्हती हे मला तेव्हाच कळलं होतं. कारणही कळलं होतं. “ठेवून जा, बघतो,” म्हणालो.

त्या रात्री मी सोपं तेच केलं. आतले दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर काढले, त्यांच्या जागी सिलिकॉनचे दोन बीसी१७७ बसवले, एक-दोन रेझिस्टर बदलले आणि दोन दिवसांनी पेडल परत दिलं. आठवड्याने ती जिन्यात भेटली आणि लांबूनच ओरडली, “काका, आता दुपारीपण वाजतं!” मी हसलो, हात केला, आणि आत येऊन टेबलापाशी बसलो. काढलेली जोडी तिथेच होती, बाटलीच्या झाकणात ठेवलेली. तिच्याकडे बघवेना.

ज्यांनी हे पेडल कधी उघडून पाहिलेलं नाही त्यांना वाटतं, आत काहीतरी गहन असणार. तसं काहीच नसतं. लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये फझ फेस नावाचं पेडल काढलं, माइकच्या स्टँडच्या बैठकीसारखी गोल लोखंडी तबकडी आणि तिच्यात दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट, म्हणजे नॉबने फिरवायचे रेझिस्टर. एवढ्यावर गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने काय काय केलं ते जगाने ऐकलं आहे. आलेखाच्या वहीच्या अर्ध्या पानावर सगळी मांडणी बसते. मी पहिल्यांदा ती काढली तेव्हा माझं काहीतरी निसटतंय असं वाटून तीनदा मोजून पाहिलं होतं. रेझिस्टर-कपॅसिटर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चिल्लर पैशांत मिळतात. अवघड असते ती ट्रान्झिस्टरची जोडी. पेडलचा सगळा स्वभाव तिच्यात असतो आणि ती दुकानात जाऊन ‘एक जोडी द्या’ म्हणून मिळत नाही.

माझ्याकडची जोडी एका रेडिओ मेकॅनिकच्या डब्यातून आली. ते आता काम करत नाहीत, डोळ्यांनी दगा दिला. जुन्या बाजारात रविवारी रेडिओचे सांगाडे चाळताना ओळख झाली आणि पुढे घरी जाणं-येणं सुरू झालं. एके दिवशी त्यांनी माळ्यावरून बोर्नव्हिटाचा जुना डबा काढायला लावला. आत एसी१२८ हे जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते. ट्रान्झिस्टर रेडिओच्या पोटात, स्पीकरच्या आधी, ह्यांची जोडी असायची. धातूच्या छोट्या टोप्या, तीन लांब पाय, कुणाच्या पायाला अजून जुन्या शिशाचा थेंब चिकटलेला. काहींच्या अंगावर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची ‘बीईएल’ ही अक्षरं, बोटाने पुसली तर जातील इतकी फिकट. “मेलेल्या रेडिओंतून काढून ठेवलेत,” ते म्हणाले, “टाकवले नाहीत.” मोजले तर एकतीस निघाले. त्यांनी पैसे घेतले नाहीत. “काय करतोस त्याचं ते ऐकव फक्त.”

एकतीसांतून जोडी निवडायला माझे दोन रविवार गेले. जर्मेनियमची खोड अशी, की त्याला सांगितलं नसलं तरी ते थोडा करंट सोडत राहतं. ह्याला गळती म्हणतात. साधा मीटर ही गळतीसुद्धा गुणवत्ता समजून मोजतो आणि फसवतो. म्हणून रीत अशी: नऊ व्होल्टची बॅटरी, ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर ह्या पायाला सुमारे २.४ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या दोन टोकांवर मीटर. आधी बेस हा दुसरा पाय मोकळा ठेवून आकडा घ्यायचा, ती गळती. मग बेसला २.२ मेगाओहम जोडून पुन्हा आकडा घ्यायचा. दुसऱ्यातून पहिला वजा केला की खरा गेन, म्हणजे ट्रान्झिस्टर किती पट वाढवतो ते, कळतो, एक व्होल्ट आला तर साधारण शंभर. पहिल्या जागी सत्तरच्या आसपासचा हवा, दुसऱ्या जागी सव्वाशेच्या जवळपासचा, आणि दोघांची गळती कमी. एकतीसांतले बरेच इतके गळके होते की मीटर बघून मन खट्टू व्हायचं. आणि मोजताना एक गंमत दिसली, ती मी नंतर कितीतरी जणांना करून दाखवली आहे. ट्रान्झिस्टरची टोपी नुसती चिमटीत धरायची. मीटरवरचा आकडा हळूहळू वर चढायला लागतो. ०.१८, ०.२१, ०.२६. बोटांची ऊब त्याला कळते. सोडला की त्याच संथपणे उतरतो. दर दहा अंशांना गळती साधारण दुप्पट होते हे मी वाचलेलं होतं, पण आपल्या चिमटीतली नखाएवढी धातूची टोपी आपल्या अंगाच्या उबेला उत्तर देते आहे हे बघणं वेगळं.

सिलिकॉन असं काही करत नाही.

ह्या सगळ्या खटाटोपातून जो आवाज निघतो त्याला आपल्याकडे ‘आवाज फाटला’ म्हणतात, आणि ती तक्रार असते. त्या मेकॅनिककाकांनी उभा जन्म आवाज फाटू नये म्हणून काम केलं. गिऱ्हाईक रेडिओ घेऊन यायचं ते हेच सांगत, की गाणं फाटतंय. आणि मी त्यांचेच ट्रान्झिस्टर घेऊन मुद्दाम आवाज फाडत होतो. गिटारच्या तारेची लाट वर-खाली गोलाई घेत येते. ट्रान्झिस्टरला झेपेल त्यापेक्षा मोठी करून ती त्याच्यात कोंबली की तिचे माथे सपाट होतात. गोल डोंगराचं पठार होतं. त्या पठाराच्या कडांमधून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट उंचीचे स्वर बाहेर पडतात आणि एका तारेचा जणू जमाव होतो. हे कुणी ठरवून शोधलेलं नाही. १९६०-६१ च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालू असताना कन्सोलमधला एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिन ह्या वादकाच्या सहा तारी बासचा आवाज चिरफाळून आला. तो तसाच ठेवला गेला. ग्लेन स्नॉडी नावाच्या तिथल्या इंजिनिअरने पुढे तो बिघाड पुन्हा हवा तेव्हा करता यावा म्हणून सर्किट बांधलं, आणि १९६२ मध्ये त्यातून मॅस्ट्रो ह्या ब्रँडचं फझ-टोन हे पेडल विकायला आलं. १९६४ मध्ये इंग्लंडात डेव्ह डेव्हिस नावाच्या पोराने तर आपल्या ॲम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला. मला त्या पोराचा हात नेहमी दिसतो. चांगला स्पीकर, आणि ब्लेड घेऊन उभा. त्याला नेमकं काय ऐकू येत होतं, जे स्पीकर सांगत नव्हता?

माझं आजोळ मिरजेचं. मे महिन्यात आम्ही तिथे असायचो आणि आजोबा संध्याकाळी फिरायला निघाले की वाटेत सतारमेकरांच्या गल्लीत एका ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर टेकायचे. तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांतून हे वाद्यकाम आलं, असं आजोबा सांगायचे, आणि मला ते तेव्हा फार थरारक वाटायचं. दुकानात भोपळे टांगलेले, लाखेचा आणि लाकडाच्या भुशाचा वास. आत एक म्हातारे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत बसलेले असायचे. घोडीच्या पाठीवर कानस फिरवायची, एकदा, फार तर दोनदा. फुंकर मारायची. घोडी तारांखाली सरकवायची, तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं. पुन्हा घोडी काढायची, पुन्हा कानस. तासभर चालायचं. मला वाटायचं की काही बिघडलंय आणि त्यांना ते सापडत नाहीये. मग ते तारेखाली सुताचा दोरा सरकवायचे, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका क्षणी ती तार, जी तोवर नुसती ‘टण्ण’ करत होती, ती गुणगुणायला लागायची. एका तारेतून मधमाश्यांचं पोळं उठायचं. आजोबा डोळे मिटून घ्यायचे. “लागली,” कारागीर म्हणायचे, आणि चहा मागवायचे.

आज मला कळतं ते असं, की ती तार घोडीच्या त्या किंचित उताराला दर हेलकाव्याला घासत होती. म्हणजे स्वच्छ कंप पावायला तिला मुद्दाम अडथळा केलेला होता. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेवर लिहिताना ह्यातली नवलाची गोष्ट टिपली: तार ज्या बिंदूवर छेडली असता एखादा उपस्वर नियमाप्रमाणे उमटायलाच नको, तिथे छेडूनही तो तंबोऱ्यात ठणठणीत ऐकू येतो. तारेत नसलेलं घोडी निर्माण करते. आम्ही टेबलावर दोन ट्रान्झिस्टरकडून करून घेतो तेही फार वेगळं नाही. लाट स्वच्छ जाऊ द्यायची नाही, पण किती अडवायची हे कानाने ठरवायचं. जास्त अडवली की घरघर, कमी अडवली की टण्ण. मधली ती चिंचोळी जागा मीटरवर दिसते, दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्टच्या आगेमागे. पण शेवटचा दशांश व्होल्ट मी कधीच मीटर बघून लावलेला नाही. मान तिरकी होतेच.

माझ्या लहानपणी वाड्यात वरच्या मजल्यावर गाण्याच्या बाई राहायच्या. पावसाळ्यात त्यांची शिकवणी उशिरा सुरू व्हायची, कारण तंबोरा लागायला वेळ लागायचा. हवा ओली झाली की तो वेगळा बोलायचा. जुलैतल्या दोऱ्याची जागा डिसेंबरात चालायची नाही. त्याला बिघडलेला तंबोरा असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. विद्यार्थिनी सतरंजीवर बसून असायच्या, बाई मणी सरकवत, खुंट्या पिळत असायच्या, आणि हे गाण्याआधीचं काम गाण्याचाच भाग आहे असं सगळ्यांनी धरलेलं असायचं.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी त्या मुलीला विचारून त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत गेलो. दुपारचे दोन. खिशात तिच्या पेडलमधून काढलेल्या जोडीवर बांधलेलं ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचायची पट्टी, एक थर्मामीटर, मीटर. पत्र्याखाली पारा ४१ वर होता. ड्रमच्या पत्र्यांना हात लावला तर चटका बसत होता. मुलं पंख्याखाली टॉवेल ओले करून मानेवर घेऊन बसली होती, तरी वाजवत होती. वीस मिनिटं ब्रेडबोर्ड तसंच राहू दिलं. सकाळी घरी साडेचार व्होल्टवर लावलेला आकडा पार सरकला होता. तिने तार छेडली. स्वर उमटला, थुंकल्यासारखा फुटला आणि मेला. घसा बसल्यासारखा, तिने सांगितलं होतं, त्याहून अचूक मला सांगता आलं नसतं. मग मी ब्रेडबोर्डवरचा ८.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून तिथे एक प्रीसेट, म्हणजे कमी-जास्त करता येणारा छोटा रेझिस्टर, लावला आणि स्क्रूड्रायव्हरने हळूहळू फिरवत गेलो. ती तीच तार छेडत राहिली. फुटका, फुटका, थोडा कमी फुटका, आणि मग एकदम आवाज उभा राहिला. त्या भट्टीसारख्या खोलीत, दुपारी दोनला. ड्रमवाला मुलगा टॉवेल बाजूला ठेवून उठून आला. “हा आधीचा आहे ना?” त्याने विचारलं. “पहिलावाला?”

म्हणजे त्याच्याही कानात तो होता.

मी तिला सिलिकॉन देऊन चूक केली असं सरळ म्हणता येत नाही. तिला कॉलेजच्या मैदानावर वाजवायचं असतं, दिव्यांच्या झोतात, मे असो की डिसेंबर. स्टेजवर दगा देणारं पेडल काय कामाचं? सिलिकॉनचा आवाज वाईट असतो असंही नाही. जास्त तेज, जास्त धारदार, गर्दीतून वाट काढणारा. कितीतरी थोर वादकांनी तोच निवडला. रात्री घर शांत असताना त्यातून कधीकधी आकाशवाणीच्या बातम्या अगदी पुसट ऐकू येतात, तेही मला आवडतं. पण जर्मेनियमवर एक गोष्ट होते, ती त्याच्यावर तशी होत नाही. गिटारवरचा व्हॉल्यूम करंगळीने जरासा खाली घेतला की फाटलेपण ओसरतं, आवाज उजळत जातो, पाणी निवळावं तसा. पुन्हा वर घेतला की गढूळ, भरदार. पायाने पेडल बंद करायची गरजच नाही, सगळं करंगळीत. फेब्रुवारीत तिला हे सापडलं होतं. माझ्या समोर सापडलं होतं. ती थांबली होती, पुन्हा करून पाहिलं होतं आणि माझ्याकडे बघून काही बोलली नव्हती. दोन महिन्यांनी मी तिच्याकडून ते काढून घेतलं आणि तिला विचारलंसुद्धा नाही. तिने तक्रार केली ती उन्हाची होती. मी तिला सांगायला हवं होतं की हे असं असं आहे, ह्याला ऊन कळतं, आता तू ठरव. त्याऐवजी मी दुरुस्ती केली. मला खुपत होतं ते एवढंच.

मग मी दुसरं पेडल बांधायला घेतलं. तांब्याच्या पट्ट्यांच्या व्हेरोबोर्डवर तीच अकरा भागांची मांडणी, फक्त ८.२ किलोओहमच्या जागी २.२ चा रेझिस्टर आणि त्याच्या ओळीत दहा किलोओहमचा पॉट, ज्याची दांडी डब्याच्या बाहेर येईल. बाजारातही असे बायसचे, म्हणजे कलेक्टरवरचा तो व्होल्टेजचा आकडा हलवायचे, नॉब असलेले फझ मिळतात, मी काही नवं केलेलं नाही. जर्मेनियमचे पाय सोल्डर करताना मगरचिमटा लावायचा, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते, टोपीपर्यंत चढत नाही. तरी प्रत्येक डाग दिल्यावर मी दोन मिनिटं थांबायचो. राळेचा धूर खिडकीकडे सरकत जायचा, बाहेर जांभळं पडायची, टप, टप. ॲल्युमिनियमच्या डब्याला तिसरं भोक पाडताना ड्रिल सरकलं आणि एक ओरखडा उठला, तो तसाच ठेवला. दोन नॉबखाली नेहमीची नावं लिहिली, व्हॉल्यूम आणि फझ. तिसऱ्यापाशी ब्रश घेऊन बराच वेळ बसलो. बायस असं लिहिणं बरोबर ठरलं असतं. पांढऱ्या एनॅमलने मी ‘जवारी’ लिहिलं. ‘री’ची वेलांटी नीट आली नाही.

मेकॅनिककाकांना ते आधी ऐकवलं, कबूल केलं होतं म्हणून. ते खाटेवर बसून ऐकत होते, हात गुडघ्यांवर. मी एक स्वर लांबवला आणि जवारीचा नॉब ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. घरघर, मग तो मधला भरदार पट्टा, मग पुन्हा तुटका. त्यांनी हाताने थांब म्हटलं. “मागे घे. थोडं मागे. हां, बस.” मी मीटर लावला नाही. त्यांचे एसी१२८ होते, त्यांनी लावलेली जागा होती. “फाटतोय,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “पण चांगला फाटतोय.”

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरला. एका संध्याकाळी ती आली, छत्री दारात उलटी ठेवून. मी दोन्ही पेडलं फरशीवर शेजारी शेजारी मांडली, तिचं सिलिकॉनचं आणि हे. काय कुठलं आहे, उन्हात काय होतं, हा तिसरा नॉब कशासाठी, सगळं सांगितलं. म्हटलं, ह्याच्यावर रोज थोडा वेळ जाईल. स्टेजवर चढायच्या आधी एकदा बघावं लागेल, आणि मध्येच हवा बदलली तर पुन्हा. तुझं आहे ते खात्रीचं आहे, तेच ठेवलंस तरी मला वाईट वाटणार नाही. तिने दोन्ही वाजवून पाहिली. पायाने बदलत, आलटून पालटून, कुठलं आवडलं काही न सांगता. मग उभी राहून वाजवायचं सोडून ती खाली फरशीवर मांडी घालून बसली, गिटार मांडीवर घेतली आणि सिलिकॉनची केबल काढून टाकली. खाली वाकून उजव्या हाताने एकच तार छेडत राहिली, डाव्या हाताने तिसरा नॉब अगदी केसभर पुढे, केसभर मागे. बाहेर पन्हाळीतून पाणी जोरात पडत होतं, म्हणून तिला कान जवळ न्यावा लागला. मान तिरकी झाली.

“थांबा काका,” ती म्हणाली, मी काहीच बोललो नव्हतो तरी. “अजून नाही लागली.”